गॅस संपत नाही, गळतो!
(मोटार, पिकअप व तोडणी यंत्राच्या एसीचे दुखणे कसे ओळखावे)



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खोडवा आणि हुमणी सोडून मोटारीच्या एसीवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत गटसभा आटोपली, चहा झाला, की एखादा सभासद हमखास बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, गाडीचा एसी थंड करीत नाही. दरवर्षी गॅस भरतो. काय करावं?" आता बऱ्याच सभासदांच्या दारात चारचाकी आहे. काहींचे ट्रॅक्टर बंद केबिनचे आहेत, आणि ऊसतोडणी यंत्रावर बसणाऱ्या चालकाचे तर एसीशिवाय चालतच नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. आम्ही मोटारीचे इंजिनिअर नाही. पण या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली, त्यानंतर जाणत्या मिस्त्रींजवळ बसून विषय समजून घेतला. तो इथे मांडतो.

आमचीच चूक आधी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या मातोश्रींची नाशिकला हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावून सांगितले, "उन्हाचा त्रास होऊ देऊ नका." गाडीचा एसी त्या वर्षात तिसऱ्यांदा गॅस भरून घेतला होता, त्यालाही पंधरवडाच झाला होता. म्हणून निर्धास्तपणे दुपारी एकला निघालो. आडगाव नाका ओलांडला आणि जाळीतून गरम वारा यायला लागला. काचा उघडाव्यात तर बाहेर चाळिशीचे ऊन. मातोश्रींचा चेहरा उतरलेला पाहून आमचाच जीव घाबरा झाला. ओझरला एका जुन्या सभासदांचे घर होते, तिथे गाडी वळवली. त्या माउलींनी ओट्यावर पाणी मारून गारवा केला, ओले फडके दिले. ऊन उतरल्यावर सहाला निघालो. देवाची कृपा, काही विपरीत घडले नाही.

ते सभासद आमच्यापेक्षा वयाने मोठे. निघताना हसत म्हणाले, "साहेब, पान पिवळं दिसलं की लगेच युरिया मारू नका, आधी बुडखा उकरून हुमणी बघा, असं तुम्ही आम्हाला शिकवता. अन् स्वतः मात्र वर्षभर गॅसच मारीत बसलात!"

बोलणे झोंबले, पण सोळा आणे खरे होते. पुढे गाडी नीट तपासून घेतली, तेव्हा एसीच्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरच्या आड, मातीचा एक तेलकट डाग सापडला. तिथून गॅस झिरपत होता. कंडेन्सर बदलला, आजतागायत पुन्हा गॅस भरावा लागलेला नाही. हिशेब काढला तर तीन वेळच्या गॅसचे पैसे नव्या कंडेन्सरच्या किमतीच्या जवळपास गेले होते.

कारखान्यातलेच तत्त्व

एसी कसा चालतो, हे समजायला लांब जायला नको. आपल्या कारखान्यातही 'इव्हॅपोरेटर' आणि 'कंडेन्सर' आहेतच. पाणी उघड्यावर साधारण १०० अंशाला उकळते. पण दाब कमी केला, की ते कमी उष्णतेवर उकळते. म्हणून तर आपल्या इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीत, व्हॅक्यूममध्ये, रस ५५ ते ६० अंशाच्या आसपास उकळतो आणि साखर करपत नाही. निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये पाण्याच्या फवाऱ्याने निवते आणि तिचे पाणी होते.

मोटारीच्या एसीतही हेच चालते. फक्त पाण्याच्या जागी आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. तो उघड्यावर उणे २६ अंशालाच उकळतो. त्याचा प्रवास असा:

१) कॉम्प्रेसर : इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. गॅस दाबतो. दाबलेला गॅस हात लावता येणार नाही इतका तापतो. भर उन्हात हा दाब १३ ते १६ किलोपर्यंत, कधी त्याहून वरही जातो.

२) कंडेन्सर : रेडिएटरच्या पुढची ॲल्युमिनियमची जाळी. हिच्यातून वारा गेला की गॅस निवतो आणि त्याचा द्रव होतो.

३) ड्रायर : द्रवातला ओलावा व कचरा धरून ठेवणारी लहान बाटली. काही गाड्यांत ती कंडेन्सरलाच जोडलेली असते.

४) एक्स्पान्शन व्हॉल्व्ह : बारीक छिद्र. इथून पुढे दाब एकदम दोन किलोच्या आसपास उतरतो.

५) इव्हॅपोरेटर : डॅशबोर्डच्या आत असतो. कमी दाबामुळे द्रव इथे शून्य अंशाच्या आसपास उकळतो, उकळताना गाडीतली उष्णता ओढून घेतो आणि पुन्हा गॅस होऊन कॉम्प्रेसरकडे जातो.

थोडक्यात, एसी थंडी तयार करीत नाही. विहिरीवरची मोटर पाणी उपसते, तसा एसी गाडीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. यात गॅस खर्च होत नाही. तोच गॅस फेऱ्या मारीत असतो. डिझेल जळते म्हणून संपते. गॅस जळत नाही, म्हणून संपायचे कारण नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी बाहेर गेला आहे. रबरी नळ्यांतून पाच-सात वर्षांत थोडा झिरपतो, तेवढे चालायचे. पण दरवर्षी गॅस भरावा लागतो, याचा अर्थ गळती आहे, आणि ती शोधली गेलेली नाही.

गळते कुठे?

नेहमीच्या जागा पाच. नळ्यांच्या सांध्यातील रबरी कड्या, गॅस भरायच्या तोटीतील छोटा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील, कंडेन्सर आणि इव्हॅपोरेटर. पहिल्या दोन ठिकाणचे काम किरकोळ खर्चात होते. म्हणून तपासणीची सुरुवात तिथून करावी. इव्हॅपोरेटरचे काम डॅशबोर्ड खोलण्याचे असते, ते शेवटी.

आपल्या भागात कंडेन्सर लवकर जातो, याला कारणे आहेत. तो गाडीच्या अगदी तोंडावर असतो. पाणंदीतले खडे, पुढच्या ट्रॉलीच्या चाकाने उडवलेली वाळू, पावसाळ्यातला चिखल, सगळा मार प्रथम त्याच्यावर. त्यात पाचटाची कुसे, गवताचे बी, किडे अडकतात. हा कचरा ओलावा धरून बसतो आणि पातळ ॲल्युमिनियम आतून-बाहेरून खात जातो. तोडणी यंत्र तर दिवसभर पाचटाच्या धुरळ्यातच उभे. त्याची जाळी रोज साफ झाली नाही, तर आधी एसी बसतो आणि मग इंजिनही तापते.

कंडेन्सर गळत नसेल, नुसता बुजला असेल, तरी एसी काम करीत नाही. आपल्या स्प्रे पाँडचे नोझल चोंदले, की कंडेन्सरला गरम पाणी जाते, व्हॅक्यूम पडतो आणि पॅन रेंगाळते. इथेही तसेच. वारा गेला नाही, की गॅसचा द्रव होत नाही, दाब चढतो आणि सगळा भार कॉम्प्रेसरवर येतो. अशा वेळी "गॅस कमी आहे" म्हणून आणखी गॅस भरला, तर दाब अधिकच चढतो. म्हणजे उपळट रानाला पुन्हा पाणी देण्यासारखे झाले.

लक्षणावरून कारण

गॅरेजला जाण्यापूर्वी एवढे स्वतः पाहावे.

१) गाडी धावताना थंड, सिग्नलला किंवा फाटकाला थांबली की गरम : कंडेन्सरचा पंखा बंद असावा किंवा जाळी बुजलेली असावी. एसी सुरू करून पंखा फिरतो का, ते दुरून पाहा.

२) वाराच कमी येतो, पण येतो तो थंड : केबिनचा फिल्टर धुळीने भरला आहे. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो. बदलायला दहा मिनिटे लागतात.

३) पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालतो : ब्लोअरचा रेझिस्टर गेला. त्याचा गॅसशी काहीही संबंध नाही.

४) एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरकडून 'टक्' असा आवाज येत नाही : क्लच लागत नाही. फ्यूज, रिले, वायर किंवा क्लचची कॉइल, यांपैकी काहीतरी गेलेले असू शकते. पण गॅस फार कमी झाला तरी प्रेशर स्विच मुद्दामच क्लच लागू देत नाही. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ही खूण लागू नाही.)

५) क्लच घडीघडीला लागतो-सुटतो : गॅस कमी असल्याचा संभव जास्त.

६) सकाळी थंड, इंजिन तापल्यावर एसी सुटतो आणि निवल्यावर पुन्हा लागतो : क्लचच्या दोन चकत्यांतली फट झिजून वाढलेली असू शकते. नुसत्या क्लचच्या कामावर भागते का, ते आधी विचारा. अख्खा कॉम्प्रेसर बदलायची घाई नको.

७) एसी बंद असतानाही घरघर येते : पुलीचे बेअरिंग. फक्त एसी लावल्यावर येते : कॉम्प्रेसर तपासा.

८) गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते : हा दोष नव्हे. हवेतला ओलावा निवून बाहेर पडतो आहे. उलट ते पाणी पायाखालच्या मॅटवर आले, तर निचऱ्याची नळी बुजली आहे.

बॉनेट उघडून पाहताना उपरणे, ओढणी, पदर, शर्टाची सैल बाही पट्ट्यात किंवा पंख्यात जाणार नाही, याची काळजी घ्या. इंजिन बंद असले, तरी पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

मिस्त्रीकडे गेल्यावर

ठिबकच्या फिल्टरच्या अलीकडचे आणि पलीकडचे प्रेशर पाहिल्याशिवाय आपण फिल्टर चोंदला की मोटर कमी पडली, हे ठरवीत नाही. इथेही मिस्त्रीने आधी दोन्ही बाजूंना गेज लावले पाहिजेत. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल, तर गॅस कमी. जास्त दाबाची बाजू फारच चढलेली असेल, तर बुजलेली जाळी, बंद पंखा किंवा जादा भरलेला गॅस. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतील आणि क्लच लागलेला असेल, तर कॉम्प्रेसर दाबतच नाही.

गळती असल्याचे कळले, की पुढचा क्रम असा हवा:

अ) गळती शोधणे. गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. म्हणून गळतीच्या जागी तेलकट, धूळ धरलेला डाग पडतो. साबणाचा फेस, गळती दाखवणारे यंत्र किंवा निळ्या दिव्याखाली चमकणारा रंग वापरून ती जागा नक्की होते. प्रणालीत दाब भरून पाहायचा तर तो कोरड्या नायट्रोजनचा. ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

आ) दोष काढणे. रबरी कडी असेल तर कडी, कंडेन्सर असेल तर कंडेन्सर. आताच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या पातळ असतात, की डाग देऊन केलेले काम सहसा टिकत नाही.

इ) प्रणाली उघडली की ड्रायर बदलणे.

ई) व्हॅक्यूम करणे. किमान अर्धा तास पंप चालला पाहिजे. व्हॅक्यूममध्ये आतले पाणी साध्या उष्णतेवरच उकळून वाफ होऊन निघते. पुन्हा आपल्या पॅनचेच तत्त्व! ओलावा आत राहिला, तर बारीक छिद्रात त्याचा बर्फ होतो आणि तेल-गॅसशी मिळून त्याचे आम्ल बनते. पंप बंद केल्यावर काटा थोडा वेळ जागीच राहिला पाहिजे. तो सरकला, तर गळती अजून आहे.

उ) गॅस वजनाने भरणे. बॉनेटखालच्या लेबलवर गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. साध्या मोटारीला साधारण अर्धा किलोच्या आसपास लागतो. "अंदाजाने भरतो" हे उत्तर मान्य करू नका. निघून गेलेले तेलही मापाने भरावे लागते.

हे सारे गॅरेजमध्ये विनयाने पण स्पष्ट विचारावे. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

हे मात्र करू नका

क्लच लागत नाही म्हणून वायर 'डायरेक्ट' करू देऊ नका. कॉम्प्रेसरला तेल गॅसच्या पाठीवर बसूनच येते. गॅस नसताना तो जबरदस्तीने फिरवला, की कोरडा पडून जाम होतो. त्याचा धातूचा भुगा सगळ्या नळ्यांत पसरतो आणि मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह असे सारेच बदलावे लागते. काही रुपयांच्या रबरी कडीचे दुखणे असे हजारोंवर जाते.

स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणारे काही ठिकाणी भेटतात. तो पेट घेतो. बंद गाडीत, मुलाबाळांसह, हा धोका पत्करू नये. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. त्यात आर-१३४ए मिसळू नये.

गॅसची नळी स्वतः ढिली करू नये. उडालेला गॅस डोळ्याला वा कातडीला लागला तर गोठून इजा होते. लागलाच तर कोमट पाण्याने धुवावे, चोळू नये आणि डॉक्टर गाठावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हंगामात रात्री यार्डात रांग लांबली, की काही मंडळी काचा लावून, इंजिन आणि एसी सुरू ठेवून झोपतात. सायलेन्सरचा धूर फटीतून आत आला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेतला माणूस झोपेतच जातो. एसी कितीही चांगला असला, तरी असे झोपू नका, आपल्या चालकालाही झोपू देऊ नका. तसेच बंद गाडीत लहान मुलाला "आत्ता आलो" म्हणून ठेवून जाऊ नका. उन्हात काही मिनिटांत गाडीची भट्टी होते.

गॅस आणि आपले हवामान

पूर्वी गाड्यांत आर-१२ गॅस असे. असे गॅस वर जाऊन ओझोनचा थर विरळ करतात, हे शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि तो गॅस बंद होऊन आर-१३४ए आला. हा ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट जोरकस आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार तोही टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. अर्धा किलो गॅस हवेत सोडणे म्हणजे सुमारे अडीचशे लिटर डिझेल जाळण्याइतका परिणाम. अवकाळी आणि गारपिटीने आपल्या भागाची द्राक्षे, कांदा किती वेळा झोडपली, हे सांगायला नको. तेव्हा जुना गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घेणारे गॅरेज मिळाले, तर तेच धरावे.

निगा अशी राखावी

१) महिन्यातून एकदा, तोडणी यंत्राची रोज, कंडेन्सरची जाळी साफ करा. इंजिन बंद व थंड असताना मऊ ब्रश आणि कमी जोराचे पाणी वापरा. शक्य असेल तिथे आतून बाहेर धुवा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधला कचरा विसरू नका. वॉशिंगची बंदूक जवळून मारली तर पात्या वाकतात.

२) हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवा. तेल फिरत राहते, सील वाळत नाही.

३) केबिनचा फिल्टर दरवर्षी, धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच बदला.

४) उन्हात उभी गाडी आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा.

५) तपासणी फेब्रुवारीतच करून घ्या. मे महिन्यात गॅरेजमध्येही रांग असते.

६) गॅस कधी, किती ग्रॅम भरला, याची नोंद सर्व्हिस बुकात ठेवा. दोन नोंदी एका वर्षाच्या आत पडल्या, तर तिसरा गॅस भरण्याआधी गळती शोधा.

शेवटचा नियम आम्ही पाळला असता, तर मातोश्रींना ती दुपार ओझरच्या ओट्यावर काढावी लागली नसती. ज्या सभासदांनी आमचे कान उपटले, त्यांनी परवा फोन केला होता. त्यांच्या खोडव्याची पाने पिवळी पडली आहेत. आम्ही विचारले, "अण्णा, युरिया टाकलात का?" म्हणाले, "नाही साहेब, आधी बुडखा उकरलाय. तुम्ही येऊन बघा."

उद्या सकाळी तिकडेच निघालो आहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी